संबळवाला मित्र, नवरात्रातला शो आणि गाण्यावरचं नाव

पत्र :

ताई, मी २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आमचा चौघांचा बँड आहे. मी गाते आणि पेटी वाजवते, एक मित्र गिटार, एक बास आणि चौथा संबळ. संबळवाला सासवडजवळच्या गावातला, त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घालतात, कॉलेजच्या युवा महोत्सवात आमची ओळख झाली. लोकगीतं, भारुडं, गोंधळातली पदं आम्ही आमच्या पद्धतीनं वाजवतो, कॅफेत, छोट्या हॉलमध्ये, कधी मित्रांच्या बँडबरोबर एकत्र शो असतो. पैसे मिळाले तर चौघांत सारखे वाटतो.

नवरात्रात एक चांगला शो आला, पण संबळवाल्याला जमलं नाही कारण घरच्या सुपाऱ्या, म्हणजे गोंधळाची आधी ठरलेली कामं होती. गिटारवाला चिडून ग्रुपवर म्हणाला की असंच असेल तर संबळ इलेक्ट्रॉनिक पॅडवरून वाजवू. तेव्हापासून संबळवाला ग्रुपवर गप्प आहे, प्रॅक्टिसला येतो, वाजवतो, जातो. त्यात आता आम्ही गोंधळाचं एक पद रेकॉर्ड केलंय, ते त्याच्या वडिलांकडून आलेलं आहे. अपलोडच्या फॉर्ममध्ये गिटारवाल्यानं संगीतकार म्हणून बँडचं नाव आणि गीतकार म्हणून 'पारंपरिक' असं भरलंय. वडील म्हणतात त्यातलं शेवटचं कडवं त्यांनी स्वतः रचलंय. बुकिंग वगैरे सगळं मीच बघते. पैशाचं काढलं तर मैत्री जाईल असं वाटतं आणि नाही काढलं तर बँड जाईल. काय करू?

उत्तर :

पैशाचं बोल. पुढच्या शोच्या आधी बोल, आणि चौघं समोरासमोर बसून बोला, ग्रुपवर नको. तुला वाटतंय हिशोब काढला की मैत्रीत वितुष्ट येईल, पण आत्ता तुमच्यात धड हिशोबच नाहीये आणि तरी एकजण लांब गेलाच आहे ना. तो भांडत नाही, वाजवतो आणि घरी जातो, आणि मला त्या गप्प बसण्याची भांडणापेक्षा जास्त काळजी वाटते. मी छोटे छोटे कार्यक्रम ठरवण्यात बरीच वर्षं घालवली आहेत, खूप ग्रुप जवळून बघितले, त्यातले कडाक्याचं भांडण होऊन मोडलेले फार थोडे, बाकीचे असेच संपले, एकजण हळूहळू यायचा कमी झाला, 'बिझी असेल' म्हणून कुणी विचारलं नाही आणि सहा महिन्यांनी कळलं की तो दुसरीकडे वाजवतोय.

आणि लोककलेत पैसे बोलून घ्यायला लाज कसली गं? नारायणगावला दरवर्षी यात्रांच्या सीझनआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, कुठली तारीख, कुठलं गाव, किती रुपये हे तोंडावर ठरतं, विसार हातात पडतो आणि मग फड गावाला निघतो. जागरण-गोंधळात तर ज्यानं पैसे दिले त्याचं नाव आणि रक्कम कार्यक्रम चालू असताना मोठ्यानं पुकारतात, अमक्यातमक्यांकडून १०१ रुपये, आणि देणाऱ्यालाही त्यात मान वाटतो. तेव्हा पैशाचा हा संकोच लोककलेतून आलेला नाहीये. तो आपल्या नोकरदार घरांतून आलाय, जिथे गाणं आवड म्हणून शिकवतात आणि महिन्याचा पगार दुसरीकडून येतो. तुमच्यातल्या तिघांना हा संकोच परवडतो, चौथ्याला परवडत नाही. सगळं दुखणं इथे आहे असं मला वाटतं, बाकीचं त्याच्या मागोमाग आलंय.

आता नवरात्राचं. गिटारवाल्या मित्राला खरंच माहीत नसावं असं धरून लिहिते. गोंधळ्याच्या घरात यजमानांची घरं ठरलेली असतात, आजोबा जिथे जायचे तिथे वडील जातात आणि तिथेच मुलगा जातो. त्या घरचा तो कुळाचार असतो, चौक भरलेला असतो, कलश मांडलेला असतो, ऊस उभे करून बांधलेले असतात, मुंबईपासून नातेवाईक आलेले असतात, आणि संबळ वाजल्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही. अशा घरी आयत्या वेळी फोन करून 'माझा कोरेगाव पार्कात शो आहे, यंदा नाही जमणार' असं सांगता येत नाही. एकदा सांगितलं तर यजमान दुसरा गोंधळी बघणार आणि ते घर पुढच्या वर्षीसाठीही गेलं. तुमच्या शोचं काय, तो आज आहे, महिन्याभरानं दुसरा येईल. त्यामुळे 'तो शो सोडून गेला' हे वाक्य आधी तुमच्या बोलण्यातून काढून टाका, त्याची तारीख आधीच गेलेली होती आणि तुम्ही ती विचारलीच नव्हती, किंवा विचारून विसरलात.

यावर उपाय तसा सोपा आहे आणि तो तुझ्याच हातात आहे कारण बुकिंग तू बघतेस. नवीन कॅलेंडर बाजारात आलं की ते घेऊन संबळवाल्याबरोबर बस. कालनिर्णयमध्ये लग्नाचे मुहूर्त छापलेले असतातच, तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होतात आणि आषाढापर्यंत चालतात, लग्न झालं की पाठोपाठ घरात जागरण-गोंधळ असतो, त्यात मंगळवार-शुक्रवार देवीचे आणि रविवार खंडोबाचा म्हणून त्या वारांना मागणी जास्त. नवरात्र तर पूर्ण त्याचं. मग त्याच्याकडे मोकळे दिवस कधी, तर साधारण पौषात, चातुर्मासात नवरात्र सोडून, आणि अधिक महिना आला तर त्यात. हे मी ढोबळ सांगतेय, त्याच्या घरचं खरं वेळापत्रक तोच सांगेल. आणि गंमत बघ, कॅफेवाल्यांना आणि छोट्या हॉलवाल्यांना नेमकं पावसाळ्यात आत बसून करायचे कार्यक्रम हवे असतात. तेव्हा मोठे, महत्त्वाचे शो तिकडे वळव. लग्नसराईत शो आलाच तर आधी त्याला फोन, मग आयोजकाला होकार. हा क्रम नाही चुकवायचा. फोन लावायला दोन मिनिटं लागतात आणि त्यानं त्याला कळतं की आपल्याला धरून तारीख ठरतेय.

काही तारखा त्याच्याशिवायच कराव्या लागतील. करा की, त्यात काही बिघडत नाही. तिघांचा वेगळा कार्यक्रम बसवा, टाळ, दिमडी, पेटी, भारुडं घ्या, ओव्या घ्या. पण गोंधळाची पदं त्या दिवशी नका घेऊ.

पॅडचं बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं, आणि ते फक्त मैत्री म्हणून नाही, गाणं म्हणूनसुद्धा. संबळ म्हणजे दोन भांडी, एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा टणक, एका काडीचं टोक वाकडं, हे सगळं सॅम्पल करता येतं, त्याचे आवाज विकतही मिळत असतील. पण तू स्वतः गातेस म्हणून तुला विचारते, पदाच्या ओळीच्या शेवटी तू शब्द लांबवतेस तेव्हा पुढची थाप कधी पडते? तो तुझ्या तोंडाकडे बघून थांबलेला असतो ना? एखाद्या दिवशी तू जास्त लांबवतेस, एखाद्या दिवशी दम कमी पडतो, आणि थाप बरोब्बर तुझ्याबरोबर येते. मग शेवटाकडे लय चढायला लागते तेव्हा ती तू चढवतेस का तो, हे तुम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. कमरेला संबळ बांधून रात्र रात्र वाजवणाऱ्या माणसाच्या अंगात ते मुरलेलं असतं, समोरची बाई ताटातला दिवा घेऊन उठली की लय कुठे न्यायची हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. पॅडवर तुम्हाला क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची टकटक, लावून गावं लागेल. चार शोमध्ये तुमचे ऐकणारे सांगतील की गाणं तेच आहे पण मजा गेली.

तर गिटारवाल्यानं त्याची माफी मागायला हवी. ग्रुपवर 'सॉरी ब्रो' टाकून नाही, कारण बोललं सगळ्यांसमोर गेलंय, पण लागलंय एकट्याला. त्यानं सासवडला जावं, शक्य असेल तर तुम्ही तिघंही जा. दिवे घाट चढून जा, आणि जाताना लक्षात घ्या की तुमचा शो साडेदहाला संपल्यावर, जेवण-गप्पा झाल्यावर, तुम्ही रिक्षानं घरी पोचता तेव्हा तो पाठीला संबळ बांधून बाइकवर याच घाटात असतो. हे मी त्याची दया यावी म्हणून लिहीत नाहीये, हे अंतर तुमच्या हिशोबात कुठेच नाहीये म्हणून लिहितेय.

जमलं तर त्याला विचारून एखाद्या घरच्या गोंधळाला जाऊन बसा. पूर्ण बसा, अर्ध्यातून उठू नका. यजमानाची परवानगी असल्याशिवाय मोबाइल काढू नका आणि त्याचं रील तर अजिबात नको, ते कुणाच्या तरी घरचं धार्मिक कार्य आहे. तुम्ही स्टेजवर साडेचार मिनिटांत जे पद संपवता ते तिथे किती वेळ चालतं, मध्ये कुठली गोष्ट येते, कुठल्या कुठल्या गावच्या देवांना गोंधळाला बोलावतात, हे एकदा अंगावर घेतलं की गिटारवाला मित्र पुन्हा पॅडचं नाव काढणार नाही असं मला तरी वाटतं.

आता रुपयांवर येऊ. चौघांत सारखे वाटणं ऐकायला छान आहे, पण सारखे कधी वाटायचे तर खर्च वजा केल्यावर. समजा एका शोचे १२,००० मिळाले. दोन प्रॅक्टिसच्या जॅमरूमचे १,२०० गेले, सासवडहून येण्याजाण्याचे, त्यात एकदा गाडी करून आला असेल, ८०० गेले. उरले १०,०००. त्यातले १,००० बँडच्या डब्यात टाका, तारा तुटतात, पेटी दुरुस्त करावी लागते, संबळाचं चामडं बदलावं लागतं, हे प्रत्येकानं आपापल्या खिशातून का करायचं? राहिले ९,०००, म्हणजे चौघांना २,२५०. इथपर्यंत कुणाचंच भांडण नसावं.

माझं मत याच्या एक पाऊल पुढे आहे आणि ते काही वाचकांना पटणार नाही हे मला माहितेय. मी म्हणेन की संबळवाल्याला किमान रक्कम ठरवून द्या. समजा ३,०००. मग वरच्याच उदाहरणात त्याला ३,००० आणि तुम्हा तिघांना २,०००-२,००० येतील. तुमच्या प्रत्येकाच्या खिशातून २५० रुपये कमी झाले, त्याच्याकडे ७५० जास्त गेले. तुमच्यासाठी हा रविवारचा कार्यक्रम आहे, सोमवारी ऑफिसात पगार चालूच असतो. त्याच्यासाठी त्या दिवसाची ही मजुरी आहे, तो दिवस त्यानं दुसरीकडे विकला असता. आणि तुमच्या पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो कुणाचा असतो ते बघ जरा, तुला मी विचारत नाही, तूच बघ. लोकांना गिटार माहीत आहे, लोक संबळ ऐकायला येतात.

पण ही रक्कम तुम्ही तिघांनी मिळून ठरवून त्याच्यापुढे ठेवायची नाही. ते उपकार होतात आणि त्याला ते सगळ्यात जास्त टोचेल. त्याला सरळ विचार, 'तू एका रात्रीची सुपारी किती घेतोस, आणि आमच्याकडे कितीच्या खाली तुला परवडत नाही?' तो कलाकार आहे, त्याला त्याचा दर माहितेय, बहुतेक तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगला माहितेय. कदाचित तो म्हणेल, नको, सारखेच घेऊ, फक्त गाडीचे द्या. मग तसं करा. तो काय म्हणतो ते महत्त्वाचं आहे, तुम्हाला काय बरोबर वाटतं ते त्यानंतर.

आणि शोचे सगळे मिळून ४,००० च असतील तर? तर आधी सांगायचं, 'एवढेच आहेत, यायचंय का?' तो नाही म्हणाला तर तिथे तिघांचा कार्यक्रम करायचा आणि मनात काही ठेवायचं नाही.

एक छोटी पण कटकटीची गोष्ट. पैसे कुणाच्या खात्यावर येतात? कंपनीचा किंवा कॉलेजचा शो असेल आणि बिल ठरावीक रकमेच्या वर असेल तर ते १० टक्के टीडीएस कापून देतात, आणि ज्याच्या पॅनवर बिल आहे त्याच्या नावावर ते सगळं उत्पन्न दिसतं. म्हणजे तुझ्या खात्यावर आले तर टॅक्सच्या वेळी उत्तर तुला द्यावं लागणार. त्यामुळे एक साधी शीट ठेव, शोची तारीख, आले किती, खर्च किती, कुणाला किती जीपे केले, आणि ती चौघांनाही उघडता येऊ दे. त्या रात्रीच वाटप कर, 'बघू नंतर' नको. आयोजकानं पैसे लटकवले असतील तर तेही शीटवर लिही. नाहीतर संशय कुणावर येतो माहितेय ना, जिच्या हातात व्यवहार आहे तिच्यावर.

मित्रांच्या बँडबरोबरच्या शोबद्दल तू ओझरतं लिहिलंयस, पण मला वाटतं तिथेही पाणी मुरतंय. मित्रानं शो ठरवला की फुकट वाजवायचं असा एक रिवाज पडलाय. मी एकच बघते, त्या रात्री पैसे कुणाकुणाला मिळतायत? साउंडवाल्याला मिळतायत, हॉलचं भाडं जातंय, कॅफेत खाणंपिणं विकलं जातंय, आणि फक्त वाजवणाऱ्यांनी मैत्रीखातर यायचं, हे नाही चालणार. जिथे कुणालाच मिळत नाहीयेत, एखाद्याच्या उपचारासाठी पैसे जमवायचेत, शाळेसाठी आहे, तिथे मनापासून फुकट वाजवा, चौघांना विचारून. बाकी ठिकाणी तिकिटांचा वाटा आधी ठरवा आणि रात्री दारावर किती जमले ते सगळ्या बँडना एकत्र दाखवायला सांगा, मित्र असेल तर तो दाखवेलच.

वेळेचंही तसंच. तुमचा सेट शेवटी असेल आणि आधीचे मित्र आपापली दोन-दोन गाणी वाढवत गेले तर मार तुम्हालाच बसतो, कारण उघड्यावर किंवा गच्चीवर कार्यक्रम असेल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर स्पीकर बंद. मी असे किती शो बघितलेत ज्यात शेवटच्या बँडचा आवाज बरोबर लय चढताना कापला गेला. क्रम आळीपाळीनं बदला, वेळ लिहून घ्या, आणि संबळासाठी साउंडचेकला जास्तीची पंधरा मिनिटं मागून घ्या. दमट हवेत चामडं ढिलं पडतं, आवाज बसतो, ते नीट करायला वेळ लागतो, आणि कॅफेतला साउंडवाला बऱ्याचदा संबळ म्हणजे ड्रम समजून माइक अगदी चिकटवून लावतो, मग माइक शिट्ट्या मारायला लागला की तो संबळाचाच आवाज खाली करून टाकतो. दोन माइक, थोडे लांब, आणि वाजवणाऱ्याला विचारून. हे सांगायला बँडमधलं कुणीतरी मिक्सरपाशी उभं राहायला हवं, गिटारवाल्यानं ते काम घेतलं तर फारच छान होईल.

आता गाणं. इथे मात्र मी तुला कळकळीनं सांगते, तो फॉर्म आहे तसा पुढे पाठवू नका.

पद परंपरेनं आलेलं आहे, त्याचा मूळ कर्ता कुणाला माहीत नाही, तर गीतकार 'पारंपरिक' आणि चालही 'पारंपरिक', तिथपर्यंत ठीक. तुम्ही त्याला कॉर्ड लावल्या, मध्ये गिटारचा तुकडा घातला, सुरुवात बदलली, ते संगीत संयोजन झालं आणि त्याचं श्रेय बँडनं खुशाल घ्यावं. पण संगीतकार म्हणून बँडचं नाव लावायचं म्हणजे ती चाल तुम्ही केली असं म्हणायचं. ती तुम्ही केलेली नाही, हे तुलाही माहितेय, म्हणूनच तू पत्र लिहिलंस.

आणि शेवटचं कडवं तर वडिलांचं आहे. मग ते पारंपरिक कसं? ज्यानं रचलं तो जिवंत आहे, सासवडजवळ राहतो, तुम्हाला चहा पाजतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचना ज्यानं केली तो तिचा पहिला मालक, त्यासाठी नोंदणी केलेलीच असावी लागते असं नाही, आणि तो हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे उद्या तुमचं गाणं एखाद्या सिरीयलवाल्यानं मागितलं तर त्या कडव्यासाठी वडिलांची परवानगी लागणार आणि त्यांचा वाटा द्यावा लागणार. २०१२ साली या कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या त्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केलाय, आणि वाजवणाऱ्या-गाणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे हा हक्कही दिलाय, तेव्हा संबळवर कोण आहे तेही नावानिशी लिहा, नुसतं बँडचं नाव नको.

जुनं दिसलं की 'पारंपरिक' लिहून टाकायची सवय आपल्याकडे खूप आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या रचनांचा कॉपीराइट २०२९ संपेपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांचा २०६४ पर्यंत. तरी स्टेजवर ही गाणी कर्त्याचं नावही न घेता गायली जातात, आणि ही नावं तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेली. सासवडच्या एका गोंधळ्याचं कडवं कुणाच्या लक्षात राहणार, जर तुम्हीच ते लिहिलं नाही? अभंगांच्या बाबतीतही जरा बघून घ्या, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ज्या चालीत तुम्ही गाता ती रेडिओवरून कानात बसलेली असेल तर ती कुणा संगीतकाराची असते.

अजून एक कारण आहे आणि ते जास्त बोचणारं आहे. अपलोड करताना यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कुणी तेच गाणं टाकलं तर आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, गाणं टाकायचं का असं विचारतात. तिथे होय करू नका. 'हे आमचंच' म्हणून ते एकदा त्या यंत्रणेत गेलं की तीच चाल दुसऱ्या कुणी टाकली तर त्याच्यावर आपोआप दावा लागू शकतो, आणि तो दुसरा कोण असेल, तर बहुतेक संबळवाल्याचाच काका, ज्यानं गावच्या अंगणातला गोंधळ मोबाइलवर काढून चॅनेलवर टाकलाय. तुमच्या नावानं त्यांना नोटीस जाईल. विचार कर, त्या घरात तुमच्याबद्दल काय बोललं जाईल.

स्ट्रीमिंगवर पैसे फार येणार नाहीत, हे सगळ्यांनाच माहितेय, तेव्हा 'वाटा दिला तर आम्हाला काय उरणार' असा प्रश्न कुणी काढला तर त्याला आकडे दाखव. आत्ता प्रश्न नावाचा आहे आणि नाव एकदा चुकीचं चढलं की दुरुस्त करायला महिने जातात, तोवर ते दहा ठिकाणी कॉपी झालेलं असतं.

तर वडिलांकडे जा आणि तीन गोष्टी विचार. हे पद बाहेर, देवाच्या कार्याशिवाय गायलेलं त्यांना चालतं का, कारण काही पदं गोंधळ्यांच्या घरातली माणसं बाहेर गात नाहीत आणि तसं असेल तर तुमचं रेकॉर्डिंग कितीही सुंदर झालं असलं तरी ते थांबवावं लागेल. दुसरं, त्यांनी ते कुणाकडून घेतलं, ते नाव गाण्याच्या माहितीत लिहिता येईल. तिसरं, त्यांचं कडवं नेमकं कुठून कुठपर्यंत. ते कडवं त्यांच्या शब्दांत कागदावर उतरवून घे, खाली तारीख, त्यांची सही, बँडमधल्या चौघांच्या सह्या, आणि त्याच कागदावर मराठीत साधं सरळ लिही की या गाण्याचे जे काही पैसे येतील त्यातले इतके टक्के त्यांचे. किती ते त्यांच्याशी बोलून ठरव. ते म्हणतील, 'लावा की गं, त्यात काय एवढं विचारायचं.' बहुतेक असंच म्हणतील, मोठ्या मनाची माणसं असतात. त्यांनी तसं म्हटलं तरी नाव लावा आणि टक्केही लिहा. पुढे त्यांना इच्छा असेल तर गीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घेता येतं, फॉर्म भरायला तुम्ही मदत करा.

गिटारवाला मित्र म्हणेल की संयोजनाचं सगळं काम मी केलं, रात्र रात्र बसून मिक्स केलं. त्यानं केलंच आहे, त्याचंही नाव नीट लागू दे, संगीत संयोजन आणि मिक्सिंग म्हणून, ठळक लागू दे. त्याच्या कामाला कमी लेखलं तर तो अजून चिडेल आणि त्यात तो चुकीचा नसेल. मला तो वाईट मुलगा वाटत नाही, त्याला बँड पुढे न्यायची घाई आहे इतकंच. त्याच्याशी तू आधी एकटीनं बोल, सगळ्यांसमोर त्याला आरोपी करू नकोस.

अपलोडची तारीख जाहीर केली असेल तर ती पुढे ढकलता येते, ऐकणारे थांबतात. आणि सासवडला जाताना रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घे, चांगला स्पीकर बरोबर ने, वडिलांना फोनच्या स्पीकरवर ऐकवू नकोस. त्यांना एखादा शब्द चुकलाय असं वाटलं तर भांडू नकोस, स्टुडिओचा एक तास परत बुक कर आणि ती ओळ पुन्हा गा.